प्रॉम्प्टर गप्प आहे

४ ऑगस्ट

मामा,

तुझ्या फोनला झालंय तरी काय? महिन्याभरात सतरा वेळा लावला. वाजतो, वाजतो आणि गप्प बसतो. शेवटी म्हटलं, कागदच घ्यावा. माझं अक्षर तुला लागेल की नाही कोण जाणे. संवादांखाली रेघा ओढण्यापलीकडे माझ्या हातात पेन येतंय कुठे!

आधी बातमी, जरा टेकून वाच. मला नाटक मिळालंय. मोठं. न्यायाधीशाची भूमिका. तीन अंकांपैकी अडीच अंक मी रंगमंचावर, आणि शेवटी निकालाचं भाषण, छापील पावणेसहा पानं, सलग. दिग्दर्शकबाईंनी वाचन संपल्यावर चष्मा काढला आणि म्हणाल्या, "लेखकाने न्यायाधीश लिहिलाय. बाई की पुरुष ते लिहायचं राहिलंय. मी काही त्याला आठवण करून देणार नाही. तुम्हीच करा." मी मान हलवली, बाहेर जिन्यात बसकण मारली आणि ढसाढसा रडू आलं.

तुला सांगायला नको की मला याची किती गरज होती. सहाव्या वर्षी तुमच्या नाटक कंपनीत राजपुत्र. नवव्या वर्षी त्याच नाटकात राजकन्या, कारण खऱ्या राजकन्येला गोवर आला होता. मग मालिकेत चार वर्षं नायिकेची धाकटी बहीण, डोक्यावर तो खाजरा टोप. दोन सिनेमांत गमतीदार शेजारी. आणि जूनमध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत मी खरं काय ते सांगितलं: मी बाई नाही आणि पुरुषही नाही, आणि हे मला त्या राजपुत्राच्या वयापासून माहीत आहे. पुढच्याच आठवड्यात मालिकेतली धाकटी बहीण शिकायला परदेशी गेली. बॅगसुद्धा न भरता! सिनेमावाले "पुढे बघू" म्हणाले, म्हणजे बघणार नाहीत. आता हे एक नाटक उरलंय. हे गेलं तर मला पुन्हा कोण उभं करेल, ठाऊक नाही.

तर, पाठांतर. मालिकेपासूनची प्रत्येक भूमिका फोनवर तूच घेतलीस. समोरच्यांची सगळी वाक्यं तू, माझी मी. सासू, पोस्टमन, खुनी, सगळे त्याच एका कुजबुजत्या आवाजात. तीस वर्षं विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवलीस, तुला काय नवीन! कधी सुरू करायचं? कुठल्याही दुपारी चालेल.

आणि ती मुलाखत तू पाहिलीस ना? काही बोलला नाहीस म्हणून विचारलं.

तुझं,
खडू

११ ऑगस्ट

खडू,

पत्र मिळालं. अक्षर लागलं. नाटकाचं वाचून बरं वाटलं.

फोन बिघडलाय. दुरुस्तीवाला म्हणतो, मॉडेल जुनं, सुटे भाग मिळत नाहीत. तेव्हा आता पत्रच बरं.

पाठांतराचं म्हणशील तर आता ते स्वतःचं स्वतः करावं. तू लहान राहिलं नाहीस. पावणेसहा पानं म्हणजे डोंगर नव्हे. एकेक परिच्छेद घे, उभं राहून घे, खाटेवर लोळत घेऊ नकोस. चहा कमी पी. घसा जप.

मामी बरी आहे. शाळा सुरू झाल्यामुळे इस्त्रीच्या दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय.

मामा

१९ ऑगस्ट

मामा,

हे पत्र होतं की दुकानाची पाटी? मला वाढवलंस तू. आई गेल्यावर मेकअपच्या खोलीत पावडरीच्या डब्यात लोळणाऱ्या पोराला "खडू" नाव ठेवणारा तू. आणि आता "स्वतःचं स्वतः करावं"! नवा फोन येईपर्यंत मामीचा घे की. काल मी तिच्या फोनवर लावला. ती म्हणाली, "हे झोपलेत." दुपारी बारा वाजता! तू जन्मात कधी दुपारी झोपलास?

जाऊ दे. माझी अवस्था ऐक, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मी तालमीत कोरं पडतंय, मामा. दोन वेळा झालं. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून कोर्ट आखलंय, न्यायाधीशाची खुर्ची म्हणजे प्लॅस्टिकचा स्टूल. निकालाच्या चौथ्या पानावर येईपर्यंत सगळं सुरळीत. आणि मग एकदम काही नाही. म्हणजे वाक्य जिभेवर घोळतंय वगैरे नाही. पाटी पुसल्यासारखं साफ. पंखा ऐकू येतो, लाइटवाल्याचं खोकणं ऐकू येतं, पुढचं वाक्य येत नाही. मी उजवीकडे बघतच राहणार, जिथे विंग असते, जिथे तू असायचास. तिथे थर्मासची टेबलं आहेत.

आता तिथे माझाच एक सहकारी उभा असतो. वकिलाचं काम करणारा. चांगला आहे बिचारा, पण बाईंनी त्याला न्यायाधीशाचे संवाद पाठ करायला सांगितलेत. मला म्हणाल्या, "अठरा सप्टेंबरला पूर्ण तालीम आहे. तोवर बघू." हे "बघू" मला चांगलं ओळखीचं आहे.

रोज सकाळी उठल्याबरोबर पहिलं वाक्य म्हणून बघायची सवय लागलीय. दात घासताना पुन्हा. मग वाटतं, मघाशी एक शब्द सुटला का? की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, कोर्टात केस चाललीय का तुमची?

तू इकडे ये. कामाच्या दिवसांत येऊ नकोस हवं तर, फक्त सव्वीस सप्टेंबरला, पहिल्या प्रयोगाला. विंगेत खुर्ची टाकून देईन. तू बोलूही नकोस फारसं. नुसता आवाज तिथे आहे एवढं मला माहीत असलं की झालं. येशील ना?

खडू

२६ ऑगस्ट

खडू,

मला जमणार नाही. गुडघा धरलाय. शिवाय माळ्यावरचं छप्पर गळतंय, माणूस कधीही येईल. मामीला एकटीला टाकून निघणं बरं दिसत नाही.

हल्ली कानात यंत्र घालून वाक्यं सांगतात असं ऐकलंय. तसं काही घे. त्यात कमीपणा नाही.

मुलाखत आम्ही पाहिली. बाकी ठीक.

मामा

२ सप्टेंबर

मामा,

"मुलाखत आम्ही पाहिली. बाकी ठीक."

ही ओळ मी इतक्यांदा वाचलीय की निकालापेक्षा तीच पाठ झालीय. म्हणजे मुलाखत सोडून बाकी ठीक, असंच ना?

मग सरळ लिही की. गुडघा, छप्पर, फोनचे सुटे भाग, ही कसली नाटकं? तू आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरवलीस, तुला स्वतःचं एक वाक्य लिहिता येईना? ते मीच पुरवते की पुरवतो, हे लिहायलाही आता तुझ्यासमोर चोरट्यासारखं वाटतं, म्हणून मीच पुरवणार एवढंच लिहीन: "खडू, मला तुझी लाज वाटते." घे. सहा शब्दांचंसुद्धा नाही.

मालिकेतून काढलं, मी हसून दाखवलं. रस्त्यात दोघांनी अंगावर येऊन विचारलं, नक्की आहेस तरी काय, मी मान खाली घालून न ऐकल्यासारखं केलं. ते सगळे परके. पण तू? ज्याच्यासमोर मी फ्रॉकही घातला आणि मिशीही लावली, आणि ज्याने दोन्ही वेळा फक्त "वाक्य म्हण" एवढंच म्हटलं, तो तू?

चौथ्या पानावर मी का थांबतंय ते मला कळलंय. मी उजवीकडे बघायचं आणि तू तिथे नसायचास, म्हणून नाही. तू तिथे असशील आणि मान फिरवशील, म्हणून.

येऊ नकोस. खुर्ची टाकणार नाही.

६ सप्टेंबर

खडू,

मामीचा आशीर्वाद. हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय, दुकानात, इस्त्री तापेपर्यंत. तेव्हा मध्येच तुटलं तर समजून घे.

तुझं पत्र आलं, यांनी वाचलं आणि घडी करून उशीखाली सारलं. दोन दिवस पानावर नुसते बसतायत आणि उठतायत. मग मीही वाचलं. म्हटलं, पुरे झाली ही आंधळी कोशिंबीर. मला शपथ घातली होती यांनी, ती मी आज मोडतेय. माझ्या डोक्यावर काय पाप चढायचं ते चढो.

अगं, अरे, हे बघ, माझं बोलताना कधी हे कधी ते होतं, तू मनावर घेऊ नकोस. यांची आपली सोय आहे, तुला पहिल्यापासून पोरगंच म्हणतात.

यांचा आवाज गेलाय. बसलाय नव्हे, गेलाय. मेमध्ये घसा धरला, आम्ही गुळण्या करत राहिलो, मूर्खासारखे. डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं. जूनच्या शेवटी ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढून टाकलं. गाठ सगळी निघाली, जिवाची भीती नाही, हे आधी वाच आणि मग घाबर. पण आता गळ्याला भोक आहे, श्वास तिथून घेतात, वरून रुमाल बांधतात. बोलायला जातात तेव्हा ओठ हलतात, आवाज येत नाही. मला निम्मं कळतं. निम्म्यावरून आमची भांडणं होतात. ती पाटीवर लिहून करावी लागतात, त्यामुळे यांचा राग लिहून होईपर्यंत निवतो आणि माझा वाढतो.

तुला का नाही सांगितलं? ऑपरेशनच्या आदल्याच आठवड्यात तुझी मुलाखत लागली. मग तुझी मालिका गेली. हे म्हणाले, म्हणजे लिहिलं, "पोरगं आधीच चहूबाजूंनी मार खातंय, त्यात माझं कशाला." पुढे तुझं नाटकाचं पत्र आलं, आवाज हवाय म्हणून. ते वाचून हे मागच्या अंगणात जाऊन बसले. तुला आवाज हवाय आणि तेवढाच यांच्याकडे नाही.

लाज वगैरे काही नाही रे. मुलाखतीचं काय ते यांना विचार, मी सांगणार नाही, तेवढी तरी शपथ राहू दे.

आली वाफ.

मामी

९ सप्टेंबर

मामा,

मला सगळं कळलंय. मामीवर ओरडू नकोस (पाटीवरसुद्धा).

मी लिहिलेलं पत्र जाळून टाक. नको, ठेव, मला ते समोर बसून तुझ्या हातून फाडून घ्यायचंय. काल तालमीला गेल्यावर कपड्यांच्या खोलीत कोट अंगावर ओढून अर्धा तास बसून होतं तुझं हे गाढव.

मला फक्त एक सांग. जूनमध्ये तर तुझा हात चालत होता. मुलाखतीनंतर दोन ओळी का नाही लिहिल्यास? मला तीन महिने वाटत राहिलं की तू माझ्यावर पडदा टाकलास.

खडू

१३ सप्टेंबर

खडू,

मामीने तोंड उघडलं, आता मीही उघडायला हरकत नाही. माझ्या उघडण्याचा उपयोग नाही, हा भाग वेगळा.

तू विचारलंस म्हणून लिहितो. आमच्या धंद्याची रीत तू विसरलंस असं दिसतं, किंवा ती आमच्या हाडात मुरली आणि तुझ्यात मुरली नाही. नट बरोबर बोलत असतो तेव्हा प्रॉम्प्टर गप्प असतो. बोलतो तो नट चुकला किंवा अडला तरच. तीस वर्षांत मी कुठल्याही नटाला "छान झालं" म्हटलेलं नाही. ते माझं कामच नव्हे. मी गप्प राहिलो की विंगेतून बाहेर येताना ते स्वतःच माझ्या पाठीवर थाप मारून जात. त्यांना कळायचं.

तुझी मुलाखत आम्ही दोघांनी खुर्च्या पुढे ओढून पाहिली. मुलाखत घेणारी बाई उलटसुलट विचारत होती. माझं बोट आपोआप मांडीवर सरकत होतं, पुस्तकावर सरकायचं तसं. एक शब्द चुकला नाहीस. कुठे अडखळलं नाहीस. मी काय पुरवणार होतो? म्हणून काही लिहिलं नाही. मला वाटलं, खडूला कळेल. ही माझी चूक. घरातल्या माणसाशी धंद्याच्या रीतीने वागू नये हे मला या वयात कळलं.

दुसरी चूक अशी की तुला आवाज हवा आहे आणि तो नसेल तर माझा काही उपयोग नाही, असं मी धरून चाललो. अजूनही तसंच वाटतं, खरं सांगायचं तर. आवाज नसलेला प्रॉम्प्टर म्हणजे विंगेतली अडगळ. येता-जाता लोकांच्या पायात येणार.

तरी तुला हवं असेल तर येतो. गुडघ्याला काही झालेलं नाही. छप्पर मात्र खरंच गळतंय.

मामा

२८ सप्टेंबर

मामी,

तू म्हणालीस सगळं लिही, कारण हे येऊन काही सांगणार नाहीत, आता तर त्यांना निमित्तच मिळालंय. तर घे, सगळं लिहितंय माझं पेन. दुकान बंद करून वाच.

अठराच्या पूर्ण तालमीत मी पुन्हा थांबलं, हे तुला मामाने सांगितलं नसेल कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं. चौथं पान. बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "पहिला प्रयोग तुमचा. त्यात असं झालं तर दुसऱ्या प्रयोगापासून वकील न्यायाधीश होतील. मला प्रेक्षकांकडे बघावं लागतं." वकिलाने मला लिमलेटची गोळी दिली. न्यायाधीशाचे संवाद त्याला चोख पाठ होते, कपड्यांच्या खोलीत बसून मला ते त्याच्या तोंडून ऐकू आले.

सव्वीसला मामा दुपारीच आला, तू इस्त्री केलेला तो निळा शर्ट, गळ्याला रुमाल. मला बघून त्याने ओठ हलवले आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. तीन महिन्यांनी भेटतोय आणि मी नुसतं "हो, हो" म्हणतंय! त्यालाही कळलं की मला कळलं नाही. मग त्याने पाटीवर लिहिलं, "वाळलंस." विंगेत उजवीकडे खुर्ची टाकली होती. मांडीवर पुस्तक, पुस्तकावर बोट. तिसरी घंटा झाली तेव्हा माझ्या हाताला इतका घाम होता की न्यायाधीशाचा हातोडा निसटत होता.

पहिले दोन अंक गेले. तिसरा आला. निकाल सुरू झाला. पहिलं पान, दुसरं, तिसरं. मामी, मला येताना दिसत होतं ते, समोरून गाडी यावी तसं. चौथं पान, आणि गेलं. साफ.

मी उजवीकडे बघितलं.

आणि मामाने काय केलं माहीत आहे? तो विसरला. त्याला आवाज नाही हेच तो विसरला! तीस वर्षांची सवय. नट अडला, तसा तो खुर्चीत पुढे झुकला, तोंड उघडलं आणि वाक्य पुरवलं. काहीच आलं नाही. गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडला. त्याने पुन्हा केलं. मग त्याचा हात गळ्याकडे गेला आणि त्याचा चेहरा असा झाला, मामी, की मला बघवेना. जत्रेत हात सुटलेल्या पोराचा होतो तसा. तो उठून उभा राहिला. पुस्तक खाली पडलं.

मला माझं वाक्य आठवायला हवं होतं. प्रेक्षक वाट बघत होते, पहिल्या रांगेत बाई होत्या, नाटक जात होतं हातातून. पण खरं सांगू? मला फक्त एवढंच वाटलं की हा माणूस घाबरलाय आणि त्याला आधी शांत करायला हवं. न्यायाधीश खुर्चीतून उठले. चार पावलं विंगेकडे गेले. आणि मी सरळ त्याच्याकडे बघून म्हटलं, "बसा. काही झालेलं नाही. या न्यायालयाला घाई नाही."

हे वाक्य नाटकात नाही.

मामा बसला. पुस्तक उचललं, पान शोधलं, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग मान वर करून माझ्याकडे असं रागाने बघितलं की विचारू नकोस! पदरची वाक्यं? त्याच्यासमोर? कंपनीत असताना राजालासुद्धा पदरचं वाक्य घालू न देणारा मामा तो, क्षणात परत आला. मला हसू फुटायचं बाकी होतं, आणि त्या हसण्याबरोबर पुढचं खरं वाक्य आलं. मग सगळीच आली. उरलेली दोन-अडीच पानं मी अर्धं अंग विंगेकडे ठेवूनच बोलत होतं, आणि तो बोट सरकवत होता, गप्प.

पडदा पडल्यावर बाई आत आल्या. म्हणाल्या, "ते घाई नाही कुठून आणलंत?" मी म्हटलं, चुकलं. त्या म्हणाल्या, "राहू दे." एवढंच. वकिलाने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, सुटलो बुवा.

आता शेवटचं, आणि हेच सांगायला एवढा कागद घेतलाय. आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो. तिथे एक आजोबा थांबले होते, हातात नाटकाचं पत्रक. चांगले होते, कुत्सित नव्हते. त्यांनी मामाला विचारलं, "तुमचं कोण हे? मला शेवटपर्यंत कळलं नाही, मुलगा की मुलगी?"

मी एक पाऊल मागे घेतलं. मामी, इतक्या वर्षांनी अजून घेतलं जातं.

मामाने पाटी काढलीच नाही. माझ्याकडे वळला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून, ओठ हलवले. या वेळी मला पूर्ण कळलं. आजोबा माझ्याकडे बघू लागले, आता मी सांगायचं होतं.

"हे म्हणतायत," मी म्हटलं, "आमचं आहे."

मामाने कोपराने ढोसलं. मी वाक्य अर्ध्यात तोडलं होतं, आणि त्याला ते खपत नाही, तुला माहीत आहे. मी मान हलवली, नको म्हणून. त्याने पुन्हा ढोसलं. आजोबा ताटकळले होते. जन्मात पहिल्यांदा त्याने माझं कौतुक केलं आणि ते मलाच माझ्या तोंडाने, मोठ्याने, भर रस्त्यात बोलायला लावलं.

"आणि लाखात एक आहे," मी म्हटलं.

मग तो गप्प बसला.

तुझं,
खडू